पाच झगे, एकच डाग

नवे कपडे जुने करून देण्यावर कुणाचं पोट चालत असेल, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसू देत बापडे. दुकानातून आणलेला, घडीही न मोडलेला शर्ट ही बाई टेबलावर ताणते आणि पॉलिश पेपरने त्याची कॉलर घासायला बसते, ते बघून कापडवाला कपाळाला हात लावतो. मग कोपरांवर विटेचा तुकडा फिरतो. खिशात ओले दगड भरून शर्ट दोन दिवस दोरीवर टांगला जातो, म्हणजे खिसा असा ओघळतो की मालकाने त्यात वीस वर्षं हात कोंबलेत असं वाटावं. शेवटी चहाच्या पाण्यात एक बुडी. पांढऱ्याचा तोरा उतरला की काम झालं.

सिनेमावाले तिला मावशी म्हणतात. जुन्या काळातला सिनेमा निघाला की कपडेपटाचं काम तिच्याकडे येतं, आणि तिथे तिचं राज्य असतं. हाताने मऊ, तोंडाने फटकळ. एकदा एक नामवंत नट ठिगळाची पॅंट घालायला तयार होईना. मावशीने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गरिबाचं काम करताय ना? मग गरीब जिथे बसतो तिथेच ठिगळ असतं. कपाळावर लावून देऊ का?" नट मुकाट्याने पॅंट घालून आला, आणि पुढे प्रत्येक सिनेमात कपडे हिच्याकडूनच हवेत म्हणून हटून बसायला लागला.

पण ही मावशी झाली बाहेरच्यांची. घरात ती धाकटी. पासष्टी उलटली, गुडघे जिना चढताना कुरकुरतात, तरी धाकटीच, कारण थोरली अजून आहे. थोरली असेपर्यंत दुसरं नाव मिळायचं नाही, आणि धाकटीला ते नकोही होतं. आपणही तिला धाकटीच म्हणू.

थोरली चार वर्षांनी मोठी, दोन गल्ल्या सोडून राहणारी. नवरा गेला, मुलगा कामधंद्यासाठी दूर गेला, तो फोनवर भेटतो. धाकटीने लग्न केलं नाही. "मशीनशी लागलंय माझं, आणि ते तरी कुठे गप्प बसतं," असं ती म्हणायची. तेव्हा या दोघींना जगात दोघीच. रोज चारच्या सुमाराला थोरली धापा टाकत धाकटीच्या कामाच्या खोलीत चढून यायची, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची आणि हाताला लागेल ते करायची. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या लोहचुंबकाने गोळा कर, जुनी शिवण उसव, बटणं रंगानुसार डब्यांत टाक. फक्त मशीनवर बसायची नाही आणि इस्त्रीला हात लावायची नाही. "तो तुझा प्रांत," म्हणायची.

इस्त्री तर तिने मोठेपणी कधी धरली नव्हती. तिचे कपडे कायम चुरगळलेले. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिने सगळी नोकरी काढली, तिथे एप्रन घातला की खालचं कोण बघतंय. घरी नवरा स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करायचा आणि शेजारी म्हणायचे, बिचारा. तो काही बिचारा नव्हता, त्याला इस्त्री करायला आवडायचं. पण थोरलीच्या या आळसावर घराण्यात दोन पिढ्या विनोद झाले, आणि सगळ्यांत जास्त विनोद धाकटीने केले. ते लक्षात ठेवा.

तर एका साली एक तरुण दिग्दर्शक आला. या बहिणी जायच्या त्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या ओळखीतला. चेहरा असा की याला कुणी तरी आधी जेवायला घालावं. त्याला एक सिनेमा काढायचा होता, शंभर वर्षांपूर्वीचा, अनाथाश्रमातल्या दोन मुलींचा. एक मुलगी चर्चमधल्या गायनासाठी ठेवलेला पांढरा झगा खराब करते आणि घाबरून लपते. दुसरी मुलगी, तिची मैत्रीण, तिला वाचवायला म्हणते की मीच केलं, आणि शिक्षा भोगते. पुढे पहिली मोठी होते, परिचारिका होते, आणि एके दिवशी आजारी मैत्रिणीच्या खाटेपाशी येऊन सगळं कबूल करते. मैत्रीण तिला क्षमा करते. एवढीच गोष्ट.

"झगा खराब कशाने होतो?" धाकटीने विचारलं. तिला कामाशी काम.

"शाई सांडते," दिग्दर्शक म्हणाला.

धाकटीच्या हातातली कात्री थांबली. तिची कात्री थांबते म्हणजे काही तरी मोठं आहे, हे ओळखायला दिग्दर्शक अजून नवा होता.

"साहेब, शाई कुणाच्याही हातून सांडते," ती म्हणाली. "मांजर सांडेल, वारा सांडेल. त्याला लपायला काय झालं? इस्त्रीने जाळा. कोळशाच्या इस्त्रीने. ती उचलून कुणी तरी कापडावर ठेवावीच लागते."

दिग्दर्शकाने डोकं खाजवलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि म्हणाला, चालेल. चालेल काय, त्याला ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी तो प्रसंग नव्याने लिहून घेऊन आला. त्याला काय ठाऊक, त्याने कुणाच्या घरातलं उचललं ते.

आता ती गोष्ट सांगायलाच हवी.

या दोघींचे वडील चर्चचे राखणदार होते आणि आई चर्चचे कपडे धुवायची. वेदीवरची कापडं, पाळकांचे झगे, आणि एक बाप्तिस्म्याचा लहानसा झगा. तो झगा म्हणजे त्या चर्चचा जीव. बारीक चुण्या, हाताने विणलेली लेस, आणि गावातलं प्रत्येक बाळ, श्रीमंताचं असो की हमालाचं, त्याच एका झग्यात पाण्याखाली आलेलं. तो झगा शिवणाऱ्या म्हाताऱ्या शिवणबाई अजून होत्या आणि त्यांना हाताखाली एक मुलगी हवी होती. त्यांनी थोरलीला निवडलं होतं. थोरली बारा वर्षांची, पण कागदावर न आखता नुसत्या नजरेने बाहुलीचा फ्रॉक कापायची. शिवणबाई म्हणाल्या, "या रविवारच्या बाप्तिस्म्याला झगा हिलाच इस्त्री करू दे. मग सोमवारपासून माझ्याकडे."

थोरलीने इस्त्री केली. चुणी न् चुणी बसवली. शेवटी इस्त्री विटेवर ठेवली आणि आईला बोलवायला मागच्या अंगणात गेली, की बघायला ये. तेवढ्यात आठ वर्षांची धाकटी आत आली. तिला वाईट काही करायचं नव्हतं. तिला फक्त एकदा, एकदाच, थोरलीसारखं करून बघायचं होतं. इस्त्री तिने दोन्ही हातांनी उचलली. उचलली खरी, पण तोलवेना. ती धप्पकन झग्यावर आली, आणि पुन्हा उचलण्याइतका जोर तिच्या हातात उरला नाही. वास सुटला. धाकटी इस्त्री तशीच टाकून पळाली आणि दाराआड उभी राहिली.

मग जे झालं ते तिने फटीतून पाहिलं. आई आली, वडील आले, मागोमाग शिवणबाई आल्या. थोरली म्हणाली, "मी विटेवर ठेवली होती." वडील म्हणाले, "मग काय ती चालत गेली?" थोरली पुन्हा म्हणाली, विटेवरच ठेवली होती. पण या खेपेला आवाज जरा पडला. तिने विटेकडे पाहिलं, झग्याकडे पाहिलं, मग मान वळवली आणि तिची नजर सरळ दाराच्या फटीवर आली. दोघी बहिणींची नजरानजर झाली. मग थोरलीने खाली बघितलं आणि म्हणाली, "राहिली असेल माझ्याकडूनच."

त्या रविवारी बाळाचा बाप्तिस्मा साध्या सुती झबल्यात झाला. बाळाला काही फरक पडला नाही, पण बाळाच्या आजीला पडला. थोरलीला सगळ्यांची माफी मागत फिरावं लागलं. शिवणबाईंनी तिला घेतलं नाही. नवा झगा त्यांनी शिवला, पण मुलगी घेतली ती चार वर्षांनी, आणि ती घेतली धाकटीला.

तेव्हापासून धाकटी एक गोष्ट मनाशी धरून होती. थोरलीला माहीत आहे. तिने फटीतून पाहिलं, ओळखलं, आणि धाकट्या बहिणीसाठी सगळं आपल्या अंगावर घेतलं. धाकटी शिवणबाईंकडे जायला निघाली त्या सकाळी थोरलीने आपली लहान कात्री तिच्या हातात ठेवली होती. म्हणजे माहीत आहे आणि सोडूनही दिलंय. पुढे थोरलीने कधी टोमणा मारला नाही, कधी विषय काढला नाही. म्हणजे माहीतच आहे. धाकटीने एकेक पुरावा असा गोळा केला आणि निवांत झाली. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे खवखव अशी बेताची. न बोलता दोघींत ठरलेलं एक गुपित, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि उपकाराची फेड म्हणून धाकटीने जन्मभर थोरलीचे कपडे फुकट शिवले. थोरलीने ते चुरगळून घातले.

म्हणून इस्त्रीचा प्रसंग सिनेमात आला तेव्हा धाकटी मनातून फुलून गेली. आजवर थोरलीचे तोंडाने आभार मानता आले नव्हते. आता पडद्यावर मानता येतील. थोरली बघेल, ओळखेल, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसतील. बास, एवढीच तिची इच्छा.

सिनेमात एकच प्रसंग पुन्हा पुन्हा करावा लागतो. मुलगी रडायची विसरते, दिवा फुटतो, कुणी तरी खोकतं. म्हणून जळका झगा एक असून भागत नाही. पाच हवे, आणि पाचही हुबेहूब. एक मुलगी फोटो काढून बसलेली असते, ती डाग डागाशी ताडून बघते. धाकटीने पाच झगे शिवले, सारख्या चुण्यांचे, आणि मग जाळायला घेतले. पहिल्याच झग्याला भोक पडलं. तिला वाटलं होतं हे तरी आपल्याला येतच असणार. पुन्हा शिवला. दुसऱ्याचा डाग इतका फिका आला की फोटोवाली म्हणाली, "मावशी, हा चहा सांडल्यासारखा दिसतोय." मग कुठे हात बसला. इस्त्री ठेवायची, तोंडाने एक लहान प्रार्थना म्हणायची, 'आमेन'ला उचलायची. टोक काळं, कडा तपकिरी, आणि मध्ये चुण्यांचे पट्टे उमटलेले. असे पाच. पाचवा झाला तेव्हा धाकटीने खोलीची खिडकी उघडली आणि जरा वेळ बाहेर डोकं काढून उभी राहिली. वास तोच होता.

सिनेमा पुरा झाल्यावर पाळकसाहेबांनी तो आधी चर्चच्या सभागृहात दाखवायचं ठरवलं. शनिवारची दुपार, खिडक्यांना जाड पडदे, लोखंडी खुर्च्या. धाकटी थोरलीला घेऊन मधल्या रांगेत बसली. सिनेमा तिने पाहिलाच नाही. ती थोरलीकडे बघत होती. पडद्यावर इस्त्री उचलली गेली, झगा जळला, मुलगी लपली, आणि थोरलीने रुमाल तोंडाशी धरला. शेवटी खाटेपाशी दोघी मैत्रिणी रडल्या तेव्हा अख्खं सभागृह नाकं ओढत होतं. दिग्दर्शक सगळ्यांत जास्त, आणि त्याने तर तो शंभर वेळा पाहिलेला.

घरी परतताना धाकटीने थोरलीचा दंड धरला होता. गल्लीत ऊन उतरलेलं. तिला राहवेना.

"कसा वाटला?"

"छान. कपडे तर काय, बघायलाच नको," थोरली म्हणाली. "तो इस्त्रीचा भाग तू घालायला लावलास ना?"

"हो." धाकटीने दंड आणखी घट्ट धरला.

"मला वाटलंच. म्हटलं, बघ, हिला अजून आठवतंय माझं पाप."

धाकटी थांबली. "तुझं?"

"मग कुणाचं?" थोरली चालतच होती, धाकटीला ओढत. "ती सिनेमातली पोर बघ. केलं नसताना म्हणते मी केलं. आणि मी? करून सवरून नाही म्हणत होते. विटेवर ठेवली, विटेवर ठेवली, वडिलांच्या तोंडावर खोटं. झगा जळला ते चुकून झालं म्हणता येईल. ते खोटं मात्र मला अजून खातं. तेव्हापासून इस्त्री धरायची म्हटलं की हात थरथरतात, धरवतच नाही. म्हणून तर तुम्ही सगळे हसता."

थोरलीने तिला दारापर्यंत सोडलं, जपून चढ म्हणाली, आणि गेली.

म्हणजे थोरलीला माहीत नव्हतं. कधीच नव्हतं. तिने कुणाला पाठीशी घातलं नव्हतं, तिने खरोखर मान्य केलं होतं. लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलं म्हणून तिने स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा सोडला होता, आणि विटेवर ठेवलेली इस्त्री तिच्या आठवणीतून पुसली गेली होती. धाकटीने तिची शिवण घेतली होती एवढंच नव्हे, तिला खोटारडी करून सोडलं होतं, तेही तिच्या स्वतःच्याच नजरेत. आणि वर तिच्या चुरगळलेल्या कपड्यांवर विनोद केले होते.

पुढचे काही दिवस धाकटीचे वाईट गेले. सांगायचं की नाही? सत्तरीच्या बाईला आता सांगून काय मिळणार? सुखाने राहतेय, राहू दे. उगाच निजलेलं उठवा कशाला? आणि सांगितलं, आणि तिने येणंच सोडलं तर? चार वाजता जिना वाजलाच नाही तर? त्या आठवड्यात तिने एक नवा कोट इतका जुना केला की त्याची बाही हातात आली. थोरली रोज यायची, टाचण्या वेचायची, आणि धाकटी तिच्यावर खेकसायची. "इतक्या जोरात श्वास घेऊ नकोस," असंही एकदा म्हणाली. थोरलीने विचारलं, "तुला बरं नाहीये का? डॉक्टरकडे जाऊ या का?" त्या वाक्याने धाकटीचा धीर सुटला. तिला थोरलीचा राग चालला असता, काळजी सोसवेना.

"खाली बस," ती म्हणाली.

"बसलेलीच आहे मी."

"मग ऐक. इस्त्री तू विटेवरच ठेवली होतीस. मी उचलली. मला तोलवली नाही, ती झग्यावर पडली आणि मी पळाले. दाराआड उभी होते. सगळं ऐकलं आणि बोलले नाही. मला वाटलं तू मला पाहिलंस आणि माझ्यासाठी स्वतःवर घेतलंस. देवाशपथ, सिनेमाच्या दिवसापर्यंत मला असंच वाटत होतं."

थोरलीच्या हातातलं लोहचुंबक टाचण्यांनी भरलेलं होतं. ते तिने हळूच टेबलावर ठेवलं.

"विटेवर ठेवली होती?" तिने विचारलं.

"हो."

"तू पाहिलीस? विटेवर?"

"विटेवरूनच उचलली मी."

"म्हणजे मी खोटं बोलले नव्हते."

"नव्हतीस. एक अक्षरही नाही."

थोरली बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली. मग उठली, पिशवी घेतली आणि जिना उतरून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. धाकटी चार वाजता मशीन बंद करून कान देऊन बसायची. जिन्यावर पाऊल वाजायचं, ते वरच्या मजल्यावरच्या शिक्षकाचं निघायचं. त्या भल्या माणसाचा तिला विनाकारण राग यायला लागला. रविवारी चर्चमध्ये थोरली बायकांच्या पलीकडच्या रांगेत बसली आणि उपासना संपताच निघून गेली. धाकटीने घरी येऊन एकटीने पोटभर रडून घेतलं. सांगितल्याचा पश्चात्ताप मात्र तिला झाला नाही. एवढं एक बरं.

मंगळवारी जिना वाजला. धाप तीच.

थोरली खुर्चीत बसली नाही. उभीच राहिली, आणि पाहिलं तर तिच्या अंगावरचे कपडे इस्त्रीचे. कॉलर एका बाजूला दुमडलेली, बाहीवर दोन घड्या पडलेल्या, नवशिक्या हाताची इस्त्री. पण इस्त्री.

"मला फार राग आलाय," ती म्हणाली.

"यायलाच हवा."

"तू मध्ये बोलू नकोस. म्हणे तुझ्यासाठी स्वतःवर घेतलं. मला माहीत असतं ना, तर तिथल्या तिथे तुला दाराआडून कानाला धरून ओढली असती. मी काय संत वाटले तुला? मी तुझ्याकडे बघितलं कारण तू पांढरीफटक पडली होतीस. वाटलं, माझ्यामुळे पोर घाबरलंय." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मला तुझी कीव आली होती, तुझी."

धाकटीने मान खाली घातली.

"दर रविवारी प्रार्थनेत ती क्षमेची ओळ येते," थोरली डोळे पुसत पुढे म्हणाली. "तिचे दोन भाग. आमच्या चुकांची आम्हाला क्षमा कर, हा मागायचा; जशी आम्ही आमच्याशी चुकलेल्यांना करतो, हा द्यायचा. मागायच्या भागाला मी दर वेळी तो झगा डोळ्यांसमोर आणायची. इतकी वर्षं, एक रविवार चुकला नाही. आणि द्यायच्या भागाला माझ्याकडे कुणी नसायचंच. माझं कुणाशी वाकडं नाही. आता तू सांग, मी मागायच्या वेळी काय आठवू? माझं तर पापच गेलं."

धाकटीला रडता रडता हसू फुटलं. "करशील एखादं. अजून वय आहे."

"तू बोलू नकोस म्हटलं ना." पण थोरलीच्या ओठांचा कोपरा हलला होता. तिने पिशवी टेबलावर टाकली आणि मशीनपाशी आली. "ऊठ. मला बसू दे."

धाकटी उठली. सुईत दोरा ओवून दिला, एक जुना पांढरा तुकडा सुईखाली सरकवून दिला, आणि बाजूला झाली. थोरलीने मशीन चालवलं. शिवण पहिल्या वितीतच वाकडी गेली, मग आणखी वाकडी, आणि शेवटी कापडाच्या बाहेर पडली. ज्या बाईने नामवंत नटांना सोडलं नाही, तिने या शिवणीवर तोंडातून ब्र काढला नाही.

"वाकडी आहे," थोरली म्हणाली.

"आहे."

"उद्या सरळ करीन." तिने दुसरा तुकडा मागितला. मग मान वर न करता म्हणाली, "क्षमा केली का म्हणून विचारू नकोस इतक्यात. रविवारी बघू."

धाकटीने विचारलं नाही. चहा टाकला, दोन कप भरले, आणि त्या दिवशी टाचण्या तिनेच वेचल्या.

रविवारी थोरली चर्चमध्ये आली ती सरळ धाकटीच्या शेजारी येऊन बसली. सगळे प्रार्थनेला उभे राहिले. ती ओळ आली. मागायच्या भागाला धाकटीने घट्ट डोळे मिटले. द्यायचा भाग आला तेव्हा थोरलीने तो इतर सगळ्यांपेक्षा जरा मोठ्याने म्हटला, इतका की पुढच्या रांगेतल्या बाईने वळून पाहिलं, आणि म्हणता म्हणता थोरलीने धाकटीच्या बरगडीत कोपर मारलं. चांगलं जोरात मारलं. दुपारपर्यंत ती जागा दुखत होती, आणि धाकटी दिवसभर तिथे हात धरून हसत होती.